चिपरच्या पात्याला वस्तऱ्याची धार नको

लाकडाच्या चिपरचं, म्हणजे फांद्या-लाकडांचे बारीक तुकडे करणाऱ्या यंत्राचं, पातं जितकं पातळ घासावं तितकं चांगलं कापतं, हा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो चुकीचा आहे. हे पातं वेगाने लाकडावर आदळतं. गाठ लागली की पातळ धार तुटते. म्हणून बहुतेक पात्यांचा कोन ३० ते ४५ अंशांचा असतो, आणि घासताना तोच राखायचा. ग्राइंडरवर घाई तर मुळीच नको! कड निळी पडली म्हणजे पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं; मग धार टिकत नाही. थोडं घासा, थंड होऊ द्या, पुन्हा घासा. जोडीची पाती सारखीच घासा, नाहीतर तोल जाऊन यंत्र थरथरतं. शेवटी फिरत्या पात्यांचं यंत्रातल्या स्थिर पात्यापासूनचं अंतर यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणे पुन्हा जुळवा. ते वाढलेलं राहिलं, तर नव्या धारेनेही लाकूड नीट कापलं न जाता फाटतं.