टीव्हीवर भलतंच पोस्टर दिसतंय? आधी फाइलचं नाव बघा

नमस्कार.

आमच्याकडून घरी मीडिया सर्व्हर (घरचे सिनेमे साठवून टीव्हीवर दाखवणारा कॉम्प्युटर) बसवून घेतलेल्या किंवा जुन्या कॅसेटी, व्हीसीडी, डीव्हीडी हार्ड डिस्कवर उतरवून घेतलेल्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. सगळ्यात जास्त फोन एकाच तक्रारीचे येतात : "सिनेमा लागतो, पण नाव आणि पोस्टर दुसरंच दिसतं." काही जण घाबरून फाइलच डिलीट करून टाकतात. कृपया तसं करू नका. व्हिडिओ जागच्या जागी असतो. चुकलेलं असतं ते त्यावरचं लेबल, आणि ते घरबसल्या बदलता येतं.

टीव्हीवर सिनेमांची यादी दाखवणारा प्रोग्राम प्लेक्स असो, जेलिफिन असो की कोडी, यांतलं कुणीही सिनेमा बघत नाही. फोल्डरचं आणि फाइलचं नाव वाचायचं, टीएमडीबीसारख्या ऑनलाइन कोशात शोधायचं आणि जे जुळेल त्याचं पोस्टर, कलाकार, कथासार आणून लावायचं, एवढंच त्यांचं काम. नुसतं 'देवदास' लिहिलं तर १९५५चा दिलीपकुमारांचा की २००२चा शाहरुख खानचा, हे त्यांना कळणार कसं? म्हणून प्रत्येक सिनेमाला वेगळा फोल्डर करा. फोल्डर आणि फाइल दोन्हींना सिनेमाचं नाव द्या आणि त्यापुढे कंसात वर्ष लिहा. देवनागरी नावंही पुष्कळदा सापडतात, पण रोमन लिपीतलं नाव आणि इंग्रजी आकडे जास्त भरवशाचे.

मराठी सिनेमांच्या बाबतीत दोन अडचणी वारंवार येतात. पहिली वर्षाची. 'कोर्ट' २०१४मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला आणि आपल्याकडे थिएटरात आला एप्रिल २०१५मध्ये. अशा वेळी एका वर्षाने सापडला नाही तर दुसरं घालून बघा. दुसरी अडचण स्पेलिंगची. 'अशी ही बनवाबनवी' रोमनमध्ये कुणी जोडून लिहितं, कुणी तोडून, कुणी 'व'साठी एक अक्षर घेतं तर कुणी दुसरं. इथे अंदाज लढवत बसू नका. आयएमडीबी या सिनेमांच्या वेबसाइटवर त्या सिनेमाचं पान उघडा. वर ब्राउझरमधल्या पत्त्यात 'टीटी'ने सुरू होणारा क्रमांक दिसेल, तो फोल्डरच्या नावात रोमनमध्ये घाला. प्लेक्सला तो महिरपी कंसात लागतो, आधी रोमनमध्ये 'आयएमडीबी' आणि आडवी रेघ (हायफन). जेलिफिनला चौकोनी कंसात, आधी रोमनमध्ये 'आयएमडीबीआयडी' आणि तशीच रेघ. क्रमांक बरोबर असला की गोंधळाला जागा राहत नाही.

नाव बदललं की लायब्ररी पुन्हा स्कॅन करा. तरीही जुनंच पोस्टर चिकटून राहिलं तर सिनेमावरच्या तीन टिंबांच्या मेनूत जा. प्लेक्समध्ये 'फिक्स मॅच', जेलिफिनमध्ये 'आयडेंटिफाय'.

व्हीसीडीवरून उतरवलेला सिनेमा तीनदा दिसत असेल, तर त्या तीन डिस्कच्या तीन फाइल आहेत. तिन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवा, नाव तेच ठेवा आणि शेवटी रेघ देऊन सीडी१, सीडी२, सीडी३ असं रोमनमध्ये लिहा. मग एकच पोस्टर दिसेल.

कधी कधी नाव बिनचूक असतं आणि टीव्हीवर मात्र भलतंच शीर्षक येतं, बहुधा एखाद्या वेबसाइटचं किंवा डीव्हीडी कंपनीचं. ते फाइलच्या आत लिहिलेलं असतं. एमकेव्ही प्रकारची फाइल असेल तर एमकेव्हीटूलनिक्स या प्रोग्रामच्या हेडर एडिटरमधून ते पुसता येतं. चित्राला धक्का लागत नाही.

आता एक बिघाड, ज्यात फाइलच्या नावाचा काहीच दोष नसतो. परवापर्यंत सगळं छान होतं आणि आता नव्या एकाही सिनेमाला पोस्टर येत नाही, नुसते राखाडी चौकोन. काही इंटरनेट कंपन्यांच्या डीएनएसवरून (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) टीएमडीबीचा पत्ताच मिळत नाही. पडताळायला टीएमडीबीची वेबसाइट घरच्या वायफायवर उघडा आणि मग दुसऱ्या कंपनीच्या मोबाइल डेटावर. डेटावर उघडली आणि वायफायवर नाही, तर राउटरमध्ये डीएनएस म्हणून १.१.१.१ किंवा ८.८.८.८ घाला. राउटर कंपनीने लॉक केलेला असेल तर हाच बदल सर्व्हरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये करता येतो.

घरच्या चित्रीकरणाबद्दल मात्र जरा सविस्तर सांगायचं आहे.

परळच्या एका घरी आम्ही जुन्या व्हीएचएस कॅसेटी उतरवून दिल्या होत्या. त्यातली एक मुलाच्या मुंजीची. घरच्यांनी ती फाइल 'मुंज' नावाने सिनेमांच्या लायब्ररीत टाकली आणि टीव्हीवर पोस्टर आलं २०२४च्या 'मुंज्या' या भयपटाचं. नातवाच्या मुंजीवर ते चित्र बघून आजींचा चेहरा एवढासा झाला. आम्ही त्याच संध्याकाळी जाऊन ते काढलं आणि मातृभोजनाच्या फ्रेमचं पोस्टर लावून दिलं. घरचे व्हिडिओ सिनेमांच्या लायब्ररीत कधीच ठेवू नका. जेलिफिनमध्ये 'होम व्हिडिओज अँड फोटोज', प्लेक्समध्ये 'अदर व्हिडिओज' अशी वेगळी लायब्ररी करा. तिथे सर्व्हर बाहेरचं पोस्टर शोधायला जात नाही.

तारखांचंही तसंच. कॅसेटवरून उतरवलेल्या फाइलवर उतरवल्याची तारीख पडते, लग्नाची नाही. म्हणून नावाची सुरुवात वर्ष, महिना, दिवस अशी करा, म्हणजे सगळं आपोआप ओळीने लागतं. मोबाइलवरच्या व्हिडिओत वेळ बहुधा जागतिक घड्याळाप्रमाणे नोंदलेली असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. त्यामुळे गिरगाव चौपाटीवर रात्री दोनला घेतलेलं विसर्जन काही प्लेअरमध्ये आदल्या दिवसाचं दिसतं. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या व्हिडिओत मूळ तारीख उरतच नाही आणि नावातले आकडे पाठवल्याच्या दिवसाचे असतात. नातेवाइकांना सांगा, व्हिडिओ 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. सिनेमाची माहिती कुठल्या तरी कोशात मिळतेच. तुमच्या मामाच्या लग्नात हिरव्या शालूत वाकून हसणाऱ्या बाई कोण, हे जगातल्या कुठल्याही सर्व्हरवर नाही. ते फक्त आजीला किंवा मोठ्या आत्याला माहीत असतं. एका रविवारी त्यांना टीव्हीसमोर बसवा, व्हिडिओ थांबवत थांबवत बघा आणि वहीत लिहून घ्या : बाराव्या मिनिटाला सीमांतपूजन, डावीकडे चिपळूणची मावशी, मागे टोपीवाले ते चाळीतले मास्तर. मग हे सारं त्या व्हिडिओच्या सारांशाच्या चौकटीत टाइप करा आणि जेलिफिनमध्ये तिथलाच लॉकचा पर्याय निवडा. प्लेक्स तुम्ही बदललेली चौकट आपोआप लॉक करतं. लॉक न केलेल्या गोष्टींवर 'रिप्लेस ऑल मेटाडेटा' (सगळी माहिती नव्याने आणा) दाबलं तर हाताने लिहिलेलं सगळं पुसलं जाऊ शकतं. वही जपून ठेवा. टाइप करायला वेळ नसेल तर वही दुकानात आणून द्या, आम्ही भरून देऊ.

एवढं करूनही अडलं तर फोन करण्याआधी दोन फोटो पाठवा : एक टीव्हीवर काय दिसतंय त्याचा, दुसरा कॉम्प्युटरवर तो फोल्डर उघडून आतल्या फाइलींची पूर्ण नावं दिसतील असा. दुसरा फोटो असला तर बहुतेक वेळा घरी यायची गरजही पडत नाही.