खिळ्याचा शेजार

१७६१ साली ब्रिटिश आरमाराने ‘अलार्म’ नावाच्या लढाऊ जहाजाच्या तळाला तांब्याचे पातळ पत्रे ठोकले. लाकूड पोखरणारे समुद्री किडे दूर राहावेत, हा हेतू. जहाज वेस्ट इंडीजच्या पाण्यातून परत आलं आणि १७६३मध्ये तळ तपासला, तेव्हा लाकूड उत्तम होतं. पत्रे मात्र जागोजागी सुटले होते, कारण त्यांना धरून ठेवणारे लोखंडी खिळे गंजून लगदा झाले होते. सगळे नाही. पत्रे ज्या खाकी कागदात गुंडाळून आले होते, त्याचे तुकडे काही ठिकाणी ठोकताना तसेच राहून गेले होते. जिथे खिळा आणि तांबं यांच्या मध्ये तो कागद होता, तिथला खिळा शाबूत होता.

बोटीवरचा साधा स्क्रू बदलायचा असला तरी मला तो कागद आठवतो. खिळा, स्क्रू, बोल्ट निवडताना आपण पहिला प्रश्न विचारतो तो मजबुतीचा. समुद्रात तो दुसरा किंवा तिसरा प्रश्न आहे. आधी बघायचं ते एवढंच, की या तुकड्याचा शेजारी कोण आणि याला हवा मिळणार आहे का.

शेजाऱ्याचं आधी. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि दोघंही खाऱ्या पाण्यात भिजले, की त्यांची बॅटरी तयार होते. एक धातू इलेक्ट्रॉन देतो आणि झिजतो, दुसरा त्याच्या जिवावर सुरक्षित राहतो. कोण झिजणार हेही ठरलेलं असतं. झिजणाऱ्या टोकाला जस्त, मग अॅल्युमिनियम, मग साधं पोलाद; पुढे तांबं आणि ब्राँझ; आणि त्यांच्याही पलीकडे, गंज न चढलेलं स्टेनलेस. समुद्राच्या पाण्यात जस्त आणि स्टेनलेस यांच्यातला फरक सुमारे १ व्होल्ट भरतो. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने १८२४मध्ये हीच गोष्ट उलटी वापरली. तांब्याच्या पत्र्यांना त्याने जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले आणि तांब्याची झीज थांबवली. गंमत अशी, की तांबं विरघळायचं थांबल्यावर तळावर पुन्हा शेवाळ आणि शिंपले वाढू लागले. तांब्याचं विरघळणं हेच तर त्यांचं विष होतं. जोडणी वाचवायला जस्ताचा बळी देण्याची पद्धत मात्र आजही अनेक बोटींच्या तळाशी दिसते.

यात एक बारकावा फार महत्त्वाचा आहे, तो म्हणजे कोणाचं क्षेत्रफळ किती. ‘अलार्म’वर झिजणारे खिळे इवलेसे होते आणि तांबं तळभर पसरलेलं. सगळ्या पत्र्यांचा भार त्या थोड्याशा लोखंडावर आला. हेच उलट असतं तर झीज मोठ्या पृष्ठभागावर विभागली गेली असती. म्हणून अॅल्युमिनियमच्या डोलकाठीत स्टेनलेसचा छोटा स्क्रू चालवून घेता येतो, पण स्टेनलेसच्या पट्टीत अॅल्युमिनियमचा रिव्हेट कधीच मारू नये. डोलकाठीच्या बाबतीतही निश्चिंत राहता येत नाही. भोकाभोवती पांढरी भुकटी जमते, ती फुगते आणि स्क्रू असा जाम होतो की पिळला तर तुटतो. धातूंना वेगळं ठेवणारी पेस्ट आट्यांना लावली आणि डोक्याखाली नायलॉनचा वॉशर घातला, तर हा त्रास बराच टळतो. कार्बन फायबर वापरणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. ते धातू नाही, पण वीज वाहून नेतं आणि या रांगेत स्टेनलेसच्याही पुढे बसतं. त्याला टेकलेलं अॅल्युमिनियम झपाट्याने जातं.

आता हवेचं. स्टेनलेस गंजत नाही हा समज मला सर्वांत धोकादायक वाटतो. त्यात किमान १०.५ टक्के क्रोमियम असतं. हवेतल्या किंवा पाण्यातल्या ऑक्सिजनशी जुळून ते पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीची साय धरतं. ओरखडा पडला तर साय पुन्हा धरते, पण त्यासाठी ऑक्सिजन हवा. ओल्या फळीत रुतलेल्या स्क्रूच्या दांड्याला तो मिळत नाही. अरुंद फटीत पाणी साचून राहतं, त्यातला ऑक्सिजन संपतो, मिठातलं क्लोराइड गोळा होतं, पाणी आम्लधर्मी होतं आणि साय फाटते ती पुन्हा धरत नाही. वरचं डोकं आरशासारखं चमकत असतं, आणि खाली दांडा पेन्सिलीच्या टोकासारखा निमुळता झालेला असतो. डोक्याच्या कडेने तपकिरी ओघळ दिसला तर तो कापडाने पुसून विसरू नये.

३१६ दर्जाच्या स्टेनलेसमध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे क्लोराइडपुढे ते ३०४ या साध्या दर्जापेक्षा जास्त टिकतं. बोल्टच्या डोक्यावर ए-४ अशी खूण असेल तर तो या गटातला, ए-२ असेल तर ३०४च्या. चुंबक लावून यांतला फरक कळत नाही. डेकवर, वाऱ्यात, ए-४ उत्तम. पाणरेषेखालच्या लाकडात मात्र मी सिलिकॉन ब्राँझच घेईन. त्यात सुमारे ९६ टक्के तांबं आणि ३ टक्के सिलिकॉन असतं आणि त्याला जगायला हवा लागत नाही. दिसायला तसंच पिवळसर पितळ तिथे अजिबात नको. समुद्राचं पाणी पितळेतलं जस्त ओढून नेतं आणि मागे उरतो तो गुलाबी, ठिसूळ सांगाडा. आकार जसाच्या तसा, ताकद शून्य.

धातू बरोबर निवडूनही भोक चुकलं तर फायदा नाही. फायबरच्या डेकच्या दोन थरांत बऱ्याचदा बाल्सासारखं हलकं लाकूड असतं. स्क्रूच्या कडेने पाझरलेलं पाणी त्यात शिरलं की ते वर्षानुवर्षं आतल्या आत कुजतं. यावर उपाय कष्टाचा आहे, पण पक्का आहे. भोक आधी हवं त्याहून मोठं पाडायचं, इपॉक्सीने भरायचं आणि सुकल्यावर त्या इपॉक्सीतून बोल्टचं भोक पाडायचं. वरच्या तोंडाला हलकी उतरती कड काढली तर चकचकीत थराला तडे जात नाहीत. डेकवरच्या ज्या वस्तूला दोर ओढणार आहे तिला आरपार बोल्ट आणि खाली जाड पट्टी. तिथे स्क्रूवर विसंबू नये. आवळताना वरचा बोल्ट पक्का धरून खालचा नट फिरवावा, नाहीतर डोक्याखालचं पाणी अडवणारं सीलंट पिळवटून सुटतं. स्टेनलेसवर स्टेनलेस नट भरभर फिरवला तर आटे तापून एकमेकांना चिकटतात, पुढेही नाही आणि मागेही नाही. थोडं ग्रीस आणि सावकाश हात, एवढ्याने ते टळतं.

बोट पाण्याबाहेर काढली की पाणरेषेखालचे दोन-तीन स्क्रू वेगवेगळ्या ठिकाणचे काढून पाहावेत. डोकं बघून काही कळत नाही. डोक्याच्या लगेच खालचा गळा आणि दोन फळ्या जिथे मिळतात तिथला दांडा नखाने खरवडावा. ब्राँझचा असून गुलाबी दिसला, किंवा स्टेनलेसचा असून बारीक झाला, तर त्या रांगेतले सगळेच स्क्रू बदलायचे.