लॅपटॉपच्या रॅममधला तो एक ‘एल’

गेल्या चवथीच्या आधी भाचीचा लॅपटॉप घेऊन फोंड्यातल्या एका दुकानात गेलो होतो. २०१५ चं मशीन, रॅम ४ जीबी. कॉलेजचा ऑनलाइन फॉर्म आणि दोन-चार टॅब उघडले की जागच्या जागी थिजायचं. दुकानदाराने मागचं झाकण काढलं, दोन्ही बाजूंच्या बारीक क्लिपा बाजूला सारल्या, रॅमची जुनी पट्टी, म्हणजे स्टिक, तिरकी उचलली गेली. नवी ८ जीबीची खटकन बसलीसुद्धा. बटण दाबलं, दिवा लागला, पण स्क्रीन काळीच. ‘मदरबोर्ड गेला असेल,’ म्हणाला. मी दोन्ही स्टिकांवरची लेबलं वाचली. जुनीवर पीसी३एल-१२८००एस, नवीवर पीसी३-१२८००एस. मधला एक ‘एल’ नव्हता.

तो एल कुठून आला हे समजलं, की स्वस्तात रॅम वाढवणं शक्य कसं झालं तेही समजतं.

सुरुवात बरीच मागची. आयबीएममधले रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये रॅममध्ये एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर एवढ्यावर एक बिट (० किंवा १) साठवण्याचं पेटंट मिळालं. १९७० मध्ये इंटेलची ११०३ ही मेमरी चिप बाजारात आली, तिच्यात १,०२४ बिट मावायचे. आजच्या ८ जीबीच्या स्टिकमध्ये त्याच्या सुमारे ६ कोटी ७१ लाख पट मावतात. जपानी कंपन्यांनी भाव इतके पाडले की १९८५ मध्ये खुद्द इंटेलने रॅमच्या चिपांच्या धंद्यातून अंग काढून घेतलं.

पण नुसती चिप स्वस्त होऊन भागत नाही. ती कुणाच्याही मशीनमध्ये बसली पाहिजे. ते काम जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेने केलं. माझ्या मते गिऱ्हाइकावर खरे उपकार तिचेच. डीडीआर या रॅमच्या प्रकाराचं मानक २००० मध्ये आलं, डीडीआर३ चं २००७ मध्ये, डीडीआर४ चं २०१२ मध्ये, डीडीआर५ चं २०२० मध्ये. लॅपटॉपच्या स्टिकला डीडीआर३ मध्ये २०४ पिना, डीडीआर४ मध्ये २६०, डीडीआर५ मध्ये २६२. मधली खाच प्रत्येक पिढीत सरकवलेली, म्हणजे चुकीची पिढी स्लॉटमध्ये शिरतच नाही.

एक अपवाद मात्र फसवतो. डीडीआर३ ला, म्हणजे लेबलावरच्या पीसी३ ला, १.५ व्होल्ट लागत. बॅटरी वाचवण्यासाठी १.३५ व्होल्टवर चालणारी डीडीआर३एल (लेबलावर पीसी३एल) आली, तिची खाच आणि पिना मात्र त्याच राहिल्या. ‘एल’वाली स्टिक सहसा १.५ व्होल्टच्या मशीनमध्येही चालते. उलटं नेहमी जमत नाही. २०१३ नंतरच्या बऱ्याच पातळ लॅपटॉपांच्या प्रोसेसरांना १.३५ व्होल्टचीच रॅम चालते. भाचीचा लॅपटॉप त्यातलाच.

आपल्याकडे माल परवडायला लागला त्याला आणखी एक कारण आहे. १९९७ मध्ये भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि संगणकाच्या भागांवरचं आयातशुल्क टप्प्याटप्प्याने उतरलं. गोव्यात सरकारच्या सायबरएज योजनेतून अकरावीच्या मुलांच्या घरी संगणक पोचले, आणि ते हळू झाले की पणजी-म्हापशाच्या दुकानांत रॅम वाढवून घ्यायची सवय लागली. पावसाळ्यात दमट हवेने स्टिकच्या सोनेरी पिना काळवंडतात, तेव्हा खोडरबराने हलके घासून परत बसवायची. ही युक्ती आजही चालते. नवी घेण्याआधी ती करून बघावी.

भाव मात्र कधीच स्थिर नव्हते. १९९९ चा तैवानचा भूकंप, २०१३ मध्ये एसके हायनिक्सच्या चीनमधल्या वूशी कारखान्याला लागलेली आग, दोन्ही वेळा रॅम महागली. जर्मनीची किमोंडा २००९ मध्ये बुडाली, जपानची एल्पिडा २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि पुढच्या वर्षी मायक्रॉनच्या ताब्यात आली. आता जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांकडून येते. म्हणूनच कमी नावाजलेल्या ब्रँडच्या स्टिकवरही पुष्कळदा यांच्याच चिपा असतात. नुसत्या नावासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

दुसरी अडचण सोल्डरची, म्हणजे रॅम बोर्डावर कायमची डाखून टाकण्याची. २००८ च्या पहिल्या मॅकबुक एअरमध्ये २ जीबी रॅम बोर्डावरच जडवलेली होती. पुढे बाकीच्यांनीही तेच केलं. जाडी आणि वीज वाचते हे खरं, पण वाढवायची वाटच बंद होते. काढता येणाऱ्या पातळ कॅम२ मॉड्यूलचं मानक जेडेकने डिसेंबर २०२३ मध्ये दिलं, मशीनं अजून थोडीच दिसतात. त्यामुळे भाव विचारण्याआधी विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीखाली किती स्लॉट आहेत आणि किती भरलेत ते पाहावं, मग झाकण उघडून खात्री करावी.

२०२५ च्या अखेरीपासून एआयच्या सर्व्हरांनी कारखान्यांची क्षमता ओढून घेतली आणि भाव चढले. डिसेंबरात मायक्रॉनने घरगुती गिऱ्हाइकांसाठीचा आपला क्रुशल ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी जुन्या स्टिकचा आधार वाटतो. फायली साठवणारी एसएसडी लिहून लिहून झिजते, तशी रॅम झिजत नाही. भाचीला शेवटी म्हापशात एका बंद पडलेल्या लॅपटॉपमधली ८ जीबीची स्टिक मिळाली, लेबलावर ‘एल’ नीट पाहूनच घेतली. रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावून ठेवला. सकाळी चुकांच्या रकान्यात शून्य होतं.