कायद्यांच्या शासकीय संकेतस्थळाचे मुक्तस्रोत प्रणालीवर स्थलांतर

अधिनियम, अध्यादेश आणि त्यांखालील नियम व अधिसूचना जनतेसाठी प्रसिद्ध करणारे शासकीय संकेतस्थळ एखाद्या कंपनीच्या मालकीच्या आज्ञावलीवरून मुक्तस्रोत प्रणालीवर, म्हणजे जिचा स्रोत कोणालाही वाचता, तपासता व बदलता येतो अशा प्रणालीवर नेण्याचे काम. इतर शासकीय संकेतस्थळे हलवताना चार जुनी पाने मागे राहिली तर फारसे बिघडत नाही. कायद्यात मात्र एक परंतुक गळाले तरी कलमाचा अर्थ उलटतो. म्हणून या कामात यंत्रे आणि आज्ञावली बदलणे हा त्यातल्या त्यात सोपा भाग ठरतो आणि खरा कस मजकूर, त्याचा पत्ता व त्याचा काळ सांभाळण्यात लागतो.

केंद्र शासनाने २०१५ मध्ये जाहीर केलेल्या धोरणाने शासकीय प्रणालींसाठी मुक्तस्रोत आज्ञावलीला प्राधान्य दिले. मे २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिलेल्या निर्देशांच्या पूर्ततेसाठी केंद्राच्या विधायी विभागाने राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या साहाय्याने ‘इंडिया कोड’ हे कायद्यांचे संकेतस्थळ नव्याने उभारले. त्यात राज्यांचे कायदेही समाविष्ट आहेत. ते ‘डीस्पेस’ या मुक्तस्रोत प्रणालीवर चालते. एमआयटीची ग्रंथालये आणि ह्यूलेट-पॅकार्ड यांनी २००२ मध्ये खुली केलेली ही प्रणाली मुळात विद्यापीठांचे प्रबंध व शोधनिबंध साठवण्यासाठी आहे. इंडिया कोडच्या पत्त्यांत ‘हँडल’ या शब्दापुढे दिसणारा १२३४५६७८९ हा आकडा डीस्पेससोबत येणारा नमुना क्रमांक आहे. संस्थेने स्वतःचा क्रमांक नोंदवून तो बदलणे अपेक्षित असते. तो तसाच राहिल्यामुळे हे पत्ते जागतिक हँडल यंत्रणेतून, म्हणजे संकेतस्थळ बदलले तरी कायम राहणारे पत्ते पुरवणाऱ्या सेवेतून, उलगडत नाहीत, केवळ त्या संकेतस्थळापुरतेच चालतात. बाब क्षुल्लक वाटते, पण पुढच्या स्थलांतरात न्यायनिर्णयांत आणि लेखांत उद्धृत झालेले दुवे टिकतील की नाही हे अशाच बाबींवर ठरते.

ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने २०१० मध्ये सुरू केलेल्या संकेतस्थळावर कायद्याचा पत्ता त्याचा प्रकार, वर्ष, क्रमांक आणि कलम यांवरून बनतो, आज्ञावलीतील अंतर्गत क्रमांकावरून नव्हे. महाराष्ट्रासाठी ही पद्धत अधिकच सोयीची आहे, कारण येथे कायद्यांची नावेच बदललेली आहेत. २०१२ च्या अधिनियम क्रमांक २४ ने अनेक जुन्या कायद्यांच्या संक्षिप्त नावांतील ‘मुंबई’च्या जागी ‘महाराष्ट्र’ आले. मुंबई पोलीस अधिनियम महाराष्ट्र पोलीस अधिनियम झाला, तरी १९५१ चा २२ हा त्याचा क्रमांक कायम राहिला. फोर्टमधील वकिलाच्या हातातील जुन्या निर्णयात एक नाव असते आणि नव्या नोटिशीत दुसरे. दोन्हींवरून शोधणारा एकाच पानावर पोहोचला पाहिजे.

मराठी मजकुराची अडचण निराळी आहे आणि मंत्रालयापासून तालुक्याच्या कचेरीपर्यंत ज्यांनी संगणकावर मराठी टंकले आहे त्यांना ती परिचित असेल. युनिकोड रुळण्यापूर्वी हा मजकूर श्री-लिपी, कृतिदेव यांसारख्या फाँटांत टंकला जाई. त्यांत रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकार बसवलेले असल्याने प्रत्येक फाँटसाठी रूपांतराचा वेगळा तक्ता लागतो, आणि आकार दिसतात त्या क्रमाने साठवलेले असल्याने नुसत्या तक्त्यानेही भागत नाही. ‘अधिनियम’ या एकाच शब्दात दोन ऱ्हस्व वेलांट्या व्यंजनांच्या नंतर न्याव्या लागतात, तर ‘धर्मादाय’मधला रफार ‘मा’च्या आधी आणावा लागतो. रूपांतर नीट झाले तरी ‘दुसऱ्या’, ‘करणाऱ्या’ यांतील अर्धा ऱ दोन प्रकारे लिहिलेला आढळतो: एकदा ऱ या स्वतंत्र वर्णाला हलन्त जोडून, एकदा साध्या र्‍ नंतर अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण युनिकोडचे प्रमाणीकरण त्यांना एक करीत नाही, त्यामुळे शोधात अनेक कलमे सापडतच नाहीत. स्थलांतराच्या वेळी एकच रूप ठरवून सगळा संग्रह त्यात आणणे, आणि शोधणाऱ्याने टंकलेला शब्दही त्याच रूपात बदलून घेणे, हा त्यावरचा उपाय आहे.

कलमांच्या अक्षरांतही असाच गोंधळ आहे. संविधानाच्या मराठी पाठात २१ए या अनुच्छेदाचे २१क झाले आहे; याउलट सहकारी संस्था अधिनियमात २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी घातलेली कलमे मुंबईच्या सोसायट्यांत १५४ब म्हणूनच ओळखली जातात. म्हणजे ‘क’ एका मालिकेत पहिला आणि दुसरीत तिसरा असतो. शिवाय संगणकाने साध्या अक्षरक्रमाने मांडणी केली तर १५४ब-१ नंतर १५४ब-१० येते आणि १५४ब-२ मागे पडते. अशा ठिकाणी कलमाचा खरा क्रम वेगळ्या रकान्यात नोंदवावा लागतो.

काळाचा प्रश्न त्याहून गहन आहे. मुंबई महानगरपालिकेचा मूळ कायदा १८८८ चा असून त्यात असंख्य सुधारणा झाल्या आहेत. मोडकळीस आलेल्या इमारतीला कलम ३५४ खाली दिलेल्या नोटिशीचा वाद न्यायालयात गेल्यास नोटिशीच्या दिवशी ते कलम कसे होते हे पाहावे लागते. केवळ अद्ययावत पीडीएफ चढवणारे संकेतस्थळ याचे उत्तर देऊ शकत नाही. ब्रिटिश संकेतस्थळावर १ फेब्रुवारी १९९१ या पायादिनांकापासून पुढील बदल दिनांकनिहाय पाहण्याची सोय आहे. यासाठी मजकूर कलमागणिक एक्सएमएलमध्ये, म्हणजे प्रत्येक भागाला खुणेची नावे देणाऱ्या मांडणीत, लागतो. ‘अकोमा न्तोसो’ ही त्यासाठीची मांडणी २०१८ मध्ये ओएसिस या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे मानक झाली. तीत कायदा, त्याची विशिष्ट दिनांकाची व भाषेची आवृत्ती आणि तिची प्रत्यक्ष फाइल या तीन गोष्टी वेगळ्या धरल्या जातात. महाराष्ट्राला हे विशेष उपयोगी आहे, कारण मराठीत पारित झालेल्या कायद्याचे राज्यपालांच्या प्राधिकाराने राजपत्रात प्रसिद्ध झालेले इंग्रजी भाषांतर संविधानाच्या अनुच्छेद ३४८(३) नुसार इंग्रजीतील प्राधिकृत पाठ मानले जाते, आणि हे दोन्ही पाठ कलमाकलमाने एकमेकांशी जोडलेले असावे लागतात.

स्रोत खुला झाला म्हणून मजकूर आपोआप खुला होत नाही. प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२(१)(क्यू) प्रमाणे राजपत्रातील इतर मजकूर पुनर्मुद्रित करता येतो, परंतु विधानमंडळाच्या अधिनियमासोबत भाष्य किंवा अन्य स्वतंत्र मजकूर जोडण्याची अट आहे.

मुक्तस्रोत प्रणालीही जुनी होते. डीस्पेसच्या २०२१ च्या सातव्या आवृत्तीत जेएसपीयूआय हा जुना दर्शनी भाग काढून टाकण्यात आला. त्यावर बेतलेल्या कोणत्याही संग्रहाला ही आवृत्ती घेताना सगळी पाने नव्याने मांडावी लागतात, मात्र हँडल पत्ते तसेच पुढे नेता येतात.