आत्मविश्वास येतो कुठून?

उत्तर प्रदेशातल्या खेड्यांमधली सहावी-सातवीची मुलं. सहा-सहा जणांचे गट केलेले. प्रत्येकाच्या हातात कागदावर छापलेली चक्रव्यूहाची कोडी, पेन्सिलीनं वाट शोधत बाहेर पडायचं. वेळ पंधरा मिनिटं आणि सुटलेल्या दर कोड्यामागे एक रुपया. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या अर्थतज्ज्ञांच्या या प्रयोगात ३२१ मुलगे उच्च मानल्या गेलेल्या जातींतले होते आणि तितकेच खालच्या मानल्या गेलेल्या जातींतले.

काही गटांत जातीचा उल्लेखच झाला नाही. तिथे दोन्हीकडची मुलं बरोबरीनं चालली. दुसऱ्या काही गटांत मात्र कोडी वाटण्याआधी एकेका मुलाचं नाव, गाव, वडिलांचं नाव, आजोबांचं नाव आणि जात सगळ्यांदेखत वाचून दाखवली गेली. मुलानं फक्त मान हलवून होकार द्यायचा. एवढंच झालं, आणि खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली. जो फरक आधी औषधालाही नव्हता, तो आता ठळक दिसू लागला.

एखादा म्हणेल, पोरं बुजली, घाबरली. पण या प्रयोगाला आणखी एक पदर आहे आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. काही गटांत पैसे कुणाला मिळणार हे चिठ्ठी काढून ठरणार होतं. म्हणजे नशीब ज्याचं लागेल, त्याला त्याच्या कोड्यांचे पैसे. तिथे जात माहीत असूनही दोन्हीकडच्या मुलांमधलं अंतर नाहीसं झालं. संशोधकांनी याचा अर्थ असा लावला: जात चारचौघांत पुकारली गेली की या मुलांना वाटतं, आपण राबलो तरी मोबदला देणारा माणूस आपल्याला न्याय देणार नाही. चिठ्ठी भेदभाव करत नाही, म्हणून तिच्यावर भरवसा बसला.

‘स्वतःवर विश्वास ठेवा’ असं सांगणाऱ्यांनी या ठिकाणी जरा थांबायला हवं. त्या मुलांकडे आत्मविश्वासाचा तुटवडा होता असं म्हणणं अन्यायाचं आहे. त्यांचा अंदाज भोवतालच्या अनुभवातून आलेला होता, आणि भोवताल तसाच होता.

मग सगळं भोवतालच ठरवतो आणि उपजत बुद्धी हे थोतांड आहे का? मुळीच नाही. बुद्धिमत्ता चाचण्यांमध्ये माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यात जनुकांचा वाटा मोठा असतो, हे जुळ्यांच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. चार देशांतल्या सुमारे ११ हजार जुळ्या जोड्यांची माहिती एकत्र करून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा वाटा नवव्या वर्षी ४१ टक्के, बाराव्या वर्षी ५५ आणि सतराव्या वर्षी ६६ टक्के निघाला. वय वाढतं तसा आनुवंशिकतेचा वाटा वाढतो, हे ऐकून अनेकांना नवल वाटतं. त्याचं एक कारण असं दिलं जातं की मूल मोठं होतं तसं आपल्या कलाचं जग स्वतःच निवडू लागतं. वाचनाची ओढ असलेली मुलगी ग्रंथालय शोधते, तिथे आणखी वाचते, आणि मुळातला छोटा फरक रुंदावत जातो.

अर्थात जवळपास ग्रंथालय असेल तर! ६६ टक्के म्हणजे एका मुलाच्या बुद्धीतला ६६ टक्के भाग जन्मजात, असा अर्थ नाही. तो आकडा एका विशिष्ट समाजातल्या माणसांमधल्या फरकाबद्दल बोलतो. समाज बदला, आकडा बदलतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एरिक टर्कहायमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये सात वर्षांच्या जुळ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुखवस्तू घरांत बुद्ध्यंकातल्या फरकामागे मुख्यतः जनुकं दिसली. अगदी गरीब घरांत जनुकांचा वाटा जवळजवळ शून्यावर आला, आणि घरच्या परिस्थितीचा वाटा सुमारे ६० टक्के भरला. पश्चिम युरोप आणि ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासांत असं चित्र दिसत नाही. तिथलं शिक्षण आणि सामाजिक आधार गरिबांपर्यंत अधिक समान पोचतात, हे त्यामागचं एक संभाव्य स्पष्टीकरण आहे.

‘हे आपल्याला जमणारं नाही’ ही समजूत किती लवकर रुजते, हे २०१७ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या एका अमेरिकन अभ्यासातून कळतं. ‘खूप खूप हुशार’ माणसाची गोष्ट सांगून ती कोणाची असेल, असं मुलांना चित्रं दाखवून विचारलं. पाच वर्षांच्या मुली बाईचं चित्र तितक्याच सहज निवडत होत्या, जितक्या सहज मुलगे पुरुषाचं. सहा-सात वर्षांच्या मुलींमध्ये ते प्रमाण घटलं, आणि ‘हा खेळ खूप हुशार मुलांसाठी आहे’ म्हटल्यावर त्यांचा त्या खेळातला रस मुलग्यांपेक्षा कमी भरला. शाळेत चांगले गुण मुलींनाच मिळतात, हे याच मुलींना माहीत होतं. तरीही!

आता मनोवृत्ती बदलण्याचे प्रयोग बघू. बुद्धी घडवता येते असं मानणारी मुलं अडचणीत टिकून राहतात, ही अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांची मांडणी जगभर पोचली, आणि तिच्या नावावर भाषणांचं, कार्यशाळांचं पेवही फुटलं. प्रत्यक्ष पुरावा त्यामानानं माफक आहे. अमेरिकेतल्या ६५ शाळांतल्या नववीच्या सुमारे १२ हजार मुलांपैकी साधारण निम्म्यांना तासाभराहून कमी वेळाचा ऑनलाइन पाठ दिला गेला. अवघड कामानं मेंदूतली जाळी बळकट होतात, असा त्याचा आशय. निष्कर्ष २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये आले: अभ्यासात मागे असलेल्या मुलांची श्रेणी चारच्या मोजपट्टीवर सरासरी ०.१ नं वाढली. तासाभरापेक्षाही कमी वेळाच्या, जवळपास फुकट उपायासाठी ही वाढ टाकाऊ नाही. पण आयुष्य पालटतं वगैरे दावे तिच्यावर उभे करू नयेत.

याच प्रकल्पातून २०२२ मध्ये आलेल्या पुढच्या अभ्यासात संशोधकांनी गणिताच्या शिक्षकांकडे नजर वळवली. बुद्धी वाढवता येते असं ज्यांना स्वतःला वाटत होतं, तो पाठ घेऊन त्यांच्या वर्गात परतलेल्या मुलांचे गणिताचे गुण सुधारले. काहींना बुद्धी असते, काहींना नसते, असं मानणाऱ्या शिक्षकांच्या वर्गात तोच पाठ घेतलेल्या मुलांच्या गुणांत फरक पडला नाही.