परिहृद (हृदयावरण)

हृदयाला आणि त्यातून निघणाऱ्या व त्यात येणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या मुळांना वेढणाऱ्या दुहेरी पिशवीला परिहृद असे म्हणतात. बाहेरचे जाड तंतुमय परिहृद आणि आतले पातळ, द्रव पाझरणारे लसी परिहृद असे तिचे दोन भाग आहेत. ही पिशवी छातीच्या मध्यावकाशात, दोन फुप्फुसांच्या मधोमध असते. तिच्या पुढे उरोस्थी व बरगड्यांच्या कूर्चा असतात, तर मागे अन्ननलिका, उतरती महारोहिणी (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचा खाली जाणारा भाग) आणि पाठीचे पाचव्यापासून आठव्यापर्यंतचे मणके येतात.

तंतुमय परिहृदाचा तळ मध्यपटलाच्या (छाती व पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याच्या) मधल्या कंडरेशी एकजीव झालेला असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर पिशवीही खालीवर होते. वरच्या बाजूला हा थर महारोहिणी, फुप्फुस रोहिणी आणि ऊर्ध्व महानीला (शरीराच्या वरच्या भागातून हृदयाकडे रक्त आणणारी मोठी शीर) यांच्या बाह्य आवरणात मिसळून जातो, आणि पुढे दोन बंध त्याला उरोस्थीशी बांधून ठेवतात. हृदय छातीत लोंबकळत नाही, ते या बांधणीमुळेच. या थराचा सर्वांत महत्त्वाचा गुण म्हणजे त्याचा चिवटपणा. विहिरीवरची चामड्याची मोट एका भरण्याने ताणली जात नाही, पण वर्षभराच्या ओझ्याने सैल पडते. परिहृदाचे वागणेही तसेच आहे. पिशवीत 150 ते 200 मिलि. रक्त अचानक साचले तरी हृदयाला फुगायला जागा उरत नाही आणि जीव धोक्यात येतो. उलट, आठवडे-महिने लावून हळूहळू साचणारे पाणी एक लिटरच्या पुढे गेले तरी रुग्ण चालतफिरत दवाखान्यात येऊ शकतो. किती साचले यापेक्षा किती वेगाने साचले, हे इथे निर्णायक ठरते.

लसी परिहृदाचा भित्तीय थर तंतुमय पिशवीला आतून चिकटलेला असतो. मोठ्या रक्तवाहिन्यांपाशी तो उलट वळतो आणि थेट हृदयाच्या पृष्ठभागावर पसरतो. या दोन थरांमधल्या फटीत साधारण 15 ते 50 मिलि. फिकट पिवळसर, पारदर्शक द्रव असतो, आणि त्याच्यामुळे हृदय दर ठोक्याला घर्षणाशिवाय सरकते. बकरीचे पिशवीसकट काढलेले हृदय घेऊन आवरणाला कात्रीने छेद दिला, तर हा द्रव बोटाला लागतो आणि आतला पृष्ठभाग ओला, चकचकीत दिसतो.

थर जिथे उलट वळतात तिथे दोन खोबणी तयार होतात. महारोहिणी व फुप्फुस रोहिणी यांच्या मागून, ऊर्ध्व महानीलेच्या पुढून बोट आरपार घालता येते, तो आडवा कोटर. हृदयशस्त्रक्रियेत या दोन रोहिण्यांभोवती चिमटा लावण्यासाठी शल्यचिकित्सक याच वाटेचा उपयोग करतात. दुसरा, तिरपा कोटर, डाव्या अलिंदाच्या (हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या) मागे असतो. तो वर बंद असून खाली उघडतो.

मध्यपटल तंत्रिका परिहृदाच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरतात आणि तंतुमय व भित्तीय थरांना संवेदना पुरवतात. त्यांचा उगम मानेतील तिसऱ्या ते पाचव्या तंत्रिकांपासून होत असल्यामुळे परिहृदाला सूज आल्यावर वेदना डाव्या खांद्यात व मानेच्या मुळाशी जाणवते. ती उताणे निजल्यावर वाढते आणि पुढे वाकून बसल्यावर कमी होते. हृदयाला चिकटलेल्या आतल्या थरातून मात्र अशी वेदना जाणवत नाही.

भारतात परिहृदात पाणी साचण्याचे आणि पुढे आवरण जाड होऊन हृदय आवळले जाण्याचे एक प्रमुख कारण क्षयरोग हे आहे. हा रोग विदर्भाच्या खेड्यांतही आहे. म्हणून पायांवर व पोटावर सूज, मानेच्या फुगलेल्या शिरा आणि संध्याकाळचा ताप घेऊन आलेल्या रुग्णात ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरने परिहृद आठवायलाच हवे. द्रवाच्या दाबाने हृदय कोंडले की रक्तदाब उतरतो, मानेच्या शिरा फुगतात आणि हृदयाचे ध्वनी मंद होतात. ही तीन लक्षणे अमेरिकी शल्यचिकित्सक क्लॉड बेक यांनी 1935 मध्ये एकत्र मांडली. अशा वेळी सोनोग्राफीच्या मदतीने, बहुधा उरोस्थीच्या खालच्या टोकाजवळून डाव्या खांद्याच्या दिशेने सुई घालून द्रव काढतात.

गाई-बैलांमध्ये या आवरणाचा एक वेगळाच आजार आढळतो, आणि गोठा असलेल्या घराला तो माहीत असणे गरजेचे आहे. रानडुक्कर व रोही (नीलगाय) यांच्यापासून पीक राखायला बांधावर लावलेल्या तारेचा तुकडा किंवा एखादा खिळा सोयाबीनच्या वा तुरीच्या कुटारातून पोटात जातो. जनावर चारा नीट न चावता गिळते, आणि जड वस्तू जाळीदार पोटात (गुरांच्या पोटाच्या चार कप्प्यांपैकी एकात) जाऊन पडते. हे पोट मध्यपटलाला टेकलेले असते व पलीकडे काही सेंटिमीटरवरच हृदय असते. पोटाच्या आकुंचनाबरोबर तारेचे टोक मध्यपटल भेदून परिहृदात शिरते आणि तिथे पू होतो. जनावर कोपर बाहेर काढून उभे राहते, उतारावरून चालायला कचरते, मानेची शीर फुगते आणि गळ्याखालच्या पोळीला सूज येते. या टप्प्यावर औषधाचा फारसा उपयोग होत नाही. त्याआधी, जनावर निरोगी असतानाच, पशुवैद्यकाकडून तोंडावाटे लोहचुंबक दिल्यास तो जाळीदार पोटात बसून लोखंडी तुकडे धरून ठेवतो.