अळंबी मातीसकटच न्या

पावसाळा लागला की आमच्या गल्ल्यावर रोज तेच ऐकू येतं: "अळंबी धुऊन का ठेवत नाही? मातीचेही पैसे घेता काय?" अळंबी आम्ही वजनावर नाही, वाट्यावर विकतो. मातीचे पैसे कुणी देत नाही.

अळंबीत मुळात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच. वरून आणखी पाणी लागलं की काही तासांत ती तपकिरी पडते, बुळबुळीत होते. सकाळी पांढरीशुभ्र नेलेली संध्याकाळी वास मारते म्हणून परत येते, तेव्हा चौकशीत कळतं की नेल्या नेल्या धुतली, प्लास्टिकच्या पिशवीत भरून गाठ मारली आणि गाडीच्या डिकीत टाकली. अशी परत आलेली आम्ही बदलून देत नाही. सागाच्या पानात बांधून देतो ते शोभेसाठी नव्हे, त्यात तिला हवा लागते. पुडी तशीच ठेवा, आणि त्याच दिवशी रांधा. मुंबईला कच्ची नेऊच नका. आदल्या दिवशी सांगितलंत तर हळद-मीठ लावून, परतून डब्यात भरून देऊ.

लांब मूळही आम्ही मुद्दाम ठेवतो. वारुळात वाळवी जी बुरशी पोसते तिथूनच ही अळंबी उगवते, आणि मूळ थेट तिथवर गेलेलं असतं. टोपीवरचं टोक, खालच्या पांढऱ्या-गुलाबी चुण्या आणि हे मूळ, सगळं जुळल्याशिवाय आमची माणसं टोपलीत घालत नाहीत. चुण्या हिरवट असल्या किंवा दांड्याच्या बुडाशी वाटीसारखी पिशवी असली तर हातही लावत नाहीत. अळंबीबरोबर शिजवलेलं नाणं किंवा लसूण काळी पडते का बघणं ही विषाची परीक्षा नव्हे. विषारी जातीतलं विष शिजवूनही जात नाही, आणि त्रास कधी कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतो. तेव्हा बागेत सापडलेल्या अळंबीचा फोटो दाखवून "ही चालेल का?" विचारू नका; आम्ही सांगणार नाही.

रांधण्याच्या ऐन वेळी दांडा सुरीने खरवडा, टोपीखालची माती बोटाने काढा, भरभर धुवा. दांडे हातानेच उभे फाडा आणि टोप्यांच्या आधी टाका, त्यांना शिजायला वेळ लागतो. कांद्यावर परतताना पाणी घालू नका, तिचंच भरपूर सुटतं. ते आटत आलं की भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप, मालवणी मसाला, शेवटी दोन सोलं (आमसुलं). गरम मसाला नको, अळंबीचा वास मरतो. आमचा मसाला घरी कुटलेला आहे, बेताचा तिखट. गल्ल्याशेजारच्या फळीवर मिळेल.

अळंबी सकाळीच येते, दुपारपर्यंत संपते. फोनवर वाटा राखून ठेवतो, पण दुपारी बारापर्यंतच.